फाटकापाशी बाबा

३ नोव्हेंबर
पाडणार! बटणांचा कारखाना महिनाअखेर पाडणार. आईचा कारखाना — वीस वर्षं तिथे बटणं निवडली तिने. आता तीन जिने उतरवत नाहीत. म्हणाली, "तो जाण्याआधी एकदा बघायचाय. तूच आण चित्र काढून." जणू भाजीच आणायची आहे!

४ नोव्हेंबर
दादाचा फोन. "पडक्या इमारतीच बऱ्या सापडतात तुला काढायला. नवं काही दिसत नाही का?" दिसतं की. पण नव्याकडे बघून काही आठवत नाही, त्याला मी काय करू?

७ नोव्हेंबर
आईला चित्र दाखवलं. चष्मा लावून परीक्षकबाई बसल्या. "निवडखात्याला खिडक्या चार. तू तीनच काढल्यास." मी भडकले — अगं, समोर बसून काढलंय! तरी गेले पुन्हा. चौथी बुजवलेली. गिलाव्यात चौकट स्पष्ट दिसते. घरी येऊन चौथी काढली.

१२ नोव्हेंबर
रोज नवी दुरुस्ती. नळ डावीकडे, पत्रा हिरवा, मुकादमाच्या खुर्चीला तीन पाय आणि एक वीट. चाळीस वर्षांपूर्वीचं कसं लख्ख आठवतं हिला! इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

१५ नोव्हेंबर
आज फाटकापाशी बाबांना काढलं. कारखाना सुटला की सायकल घेऊन तिच्यासाठी उभे असायचे, एक दिवस न चुकता! आम्ही त्या वेळी मावशीकडे असायचो, त्यामुळे पाहिलं कधीच नाही, आईकडून ऐकलं. घरात बाबा धड बोलत नसत, जवळ घेणं तर दूरच. पण फाटकापाशी उभे राहणारे बाबा तेच खरे, असं दादा आणि मी धरून चाललो. ते गेले तेव्हा मी त्या बाबांसाठी रडले.

१६ नोव्हेंबर
विचारलं, टोपी असायची का? कुठल्या बाजूला उभे राहायचे? आई — जिला खुर्चीखालची वीट आठवते! — म्हणाली, "तुला बरं दिसेल तसं काढ."

१७ नोव्हेंबर
ब्रश हातात घेतला नाही.

१९ नोव्हेंबर
शेवटी विचारलंच, बाबा खरंच उभे असायचे का? आईने चित्रातल्या खिडक्या बोटाने एकेक करून मोजल्या. मग म्हणाली, "कुणी उभं नसायचं गं. मी एकटीच चालत यायचे. बापाबद्दल तुमच्या मनात काही चांगलं असावं, म्हणून सांगत आले."
फार राग आला. कुणाचा, ते अजून कळत नाही.

२० नोव्हेंबर
बाबांना पुसायला टर्पेंटाइनचा बोळा घेतला. आईने मनगट धरलं.
"राहू दे. एकदा तरी थांबू देत माझ्यासाठी."