मेहरूण तलावाकाठचा काढा

मेहरूण, जळगाव
८ जुलै २०२४

चि. नूतन हिस,
नानाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुला घराच्या ग्रुपमधून मीच काढलं आणि फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून हा जुना मार्ग धरला. पत्रात कोणाला मध्येच बोलता येत नाही. अगं, पेपरात तुझा फोटो आला, वर ठळक मथळा, 'धुळ्याच्या कन्येने शोधले मधुमेह व कर्करोगावर रामबाण औषध'. मी तो त्रेचाळीस नातेवाइकांना पाठवला आणि तू खाली लिहिलंस की बातमी चुकीची आहे! स्वतःच्या लग्नात कोणी अक्षता परत फेकतं का? आज तुझे वडील असते तर पेढे वाटले असते. गोपाल माझा धाकटा भाऊ, पण त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायचं, हे मी आता मान्य करतो.

असो. तू शोध लावलास, अंमलबजावणी मी करतो आहे. आपल्या अंगणात सदाफुली तणासारखी माजली आहे, तुला ठाऊकच आहे. रोज पहाटे दोन मुठी पानं उकळतो. तलावावर फिरायला येणाऱ्यांचं आमचं प्रभात मंडळ आहे, त्यातले एकवीस जण साखरवाले. प्रत्येकाला अर्धा ग्लास मी स्वतःच्या हाताने देतो. हिलालशेठ एसटीतून निवृत्त झाले, कोणाचं ऐकत नाहीत, पण तेही माझ्यासमोर ग्लास तोंडाला लावतात. माझ्या गोळ्या मी पंधरा दिवसांपूर्वीच बंद केल्या. केळीच्या जिल्ह्यात जन्मून आठ वर्षं केळं पाहून लाळ गिळत होतो. आता रोज दोन खातो.

तुझ्या काकूच्या मानेला शेंगदाण्याएवढी गाठ आली आहे. दुखत नाही म्हणते. पेपरात कर्करोगाचंही लिहिलं होतं, म्हणून तिला पूर्ण ग्लास. माझ्या पायाच्या अंगठ्याला नव्या चपलेचा फोड आला आहे, तेवढी एक कुरबुर. तुझ्या सत्कारासाठीच चप्पल घेतली होती. शाल-श्रीफळ तयार आहे, तारीख कळव.

लोभ आहे तेवढा ठेव. वाढवलास तर ग्रुपमध्ये परत घेईन.

तुझा,
लोटन नाना


धुळे
१५ जुलै २०२४

ति. नाना यांस,
नूतनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि लगेच लिहायला बसले. नाना, मी औषध शोधलेलं नाही. मी चोवीस उंदरांना अठ्ठावीस दिवस सदाफुलीच्या पानांचा अर्क दिला. त्यातल्या काहींची साखर उतरली. एवढाच माझा पराक्रम. बाकीचं त्या बातमीदाराचं. त्याने मला एकच प्रश्न विचारला होता, की उंदीर चावतात का.

कर्करोगाचं म्हणाल तर ते काम काचेच्या बशीत झालं. नाना, बशीत फिनेल ओतलं तरी कर्करोगाच्या पेशी मरतात. म्हणून कोणी फिनेल प्यावं का?

तुमचं एक मात्र खरं आहे, ते मी लपवत नाही. फार वर्षांपूर्वी परदेशातल्या शास्त्रज्ञांनी या झाडात मधुमेहाचं औषध शोधायला घेतलं आणि हाती लागलं कर्करोगाचं. ते आजही दवाखान्यात वापरतात. पण त्यासाठी पोत्यांवर पोती पानं लागतात, तेव्हा चिमूटभर हाती येतं. ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली शिरेतून देतात. जे कर्करोगाच्या पेशी मारतं ते आपल्या पेशींना काय प्रेमाने कुरवाळणार आहे? पानं उकळून प्यायली तर किती विष पोटात गेलं हे मलाही सांगता येणार नाही. तुम्ही तर मुठीने मोजता!

म्हणून हात जोडून तीन गोष्टी मागते. काढा बंद करा. गोळ्या आजच सुरू करा. काकूंची गाठ डॉक्टरांना दाखवा. आणि चौथी, अंगठ्याचा फोड रोज उजेडात बघत चला. मधुमेहात पायाचा फोड साधा नसतो.

शिवाय तुम्ही शिक्षक आहात. काढा पिणाऱ्यांची तुलना न पिणाऱ्यांशी केल्याशिवाय त्याला प्रयोग म्हणत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायचं?

रागावलात तरी चालेल, पण प्रेम आटू देऊ नका.

आपली,
नूतन


मेहरूण, जळगाव
२६ ऑगस्ट २०२४

चि. नूतन हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून महिनाभर बोललो नाही. पण शेवटचा मुद्दा पटला. प्रयोग म्हटला की शिस्त हवी. मी मंडळाचे दोन गट पाडले, एक काढा पिणाऱ्यांचा, एक न पिणाऱ्यांचा. त्यावरून जो गोंधळ झाला तो लग्नात मानपान चुकल्यावरही होत नाही. न पिणाऱ्यांच्या गटात जायला एकही माणूस तयार होईना. हिलालशेठ म्हणाले की चाळीस वर्षांची ओळख आणि मला पंगतीतून उठवता? दहा जणांना शेवटी तुळशीचं पाणी दिलं, तेही काढा म्हणून. तिसऱ्या दिवशी ते फुटलं. दहाही जण दोन दिवस तलावाच्या पलीकडच्या बाजूने फिरले. मग मी माघार घेतली आणि एकवीसच्या एकवीस जणांना काढा सुरू केला. तुझ्या शास्त्राला माणसांची पारख नाही, हे यातून सिद्ध होतं.

आता निकाल ऐक. प्रत्येकाने आपला साखरेचा रिपोर्ट माझ्या वहीत लिहायचा, असा नियम केला होता. एकवीसपैकी एकोणीस जणांची साखर उतरली! सह्यांसकट वही ठेवली आहे. माझी साखर मी तपासलेली नाही. पेपर काढणाऱ्याने स्वतः परीक्षेला बसू नये, हे तत्त्व मी आयुष्यभर पाळलं.

अंगठ्याची जखम अजून ओली आहे, शेजारचं बोटही जरा काळवंडलं आहे, पण दुखत म्हणून अजिबात नाही. सुई टोचली तरी कळत नाही. हा गुण काढ्याचाच. काकूची गाठही बरीच उतरली आहे. फक्त तिला थकवा फार येतो. पंधरा दिवसांपूर्वी ती भडगावला बहिणीकडे, सुगंधाबाईकडे, जाऊन राहिली. उद्या पुन्हा जाणार आहे. मीही अडवत नाही, गिरणेच्या काठची हवा चांगली.

आता सांग, तुझे चोवीस उंदीर भारी की माझी एकवीस माणसं?

राग नाही. लोभही पूर्वीइतकाच, म्हणजे पुष्कळ.

तुझा,
लोटन नाना


धुळे
३ सप्टेंबर २०२४

ति. काकूंस,
नूतनचा सा. न. वि. वि.

हे पत्र शेजारच्या उषाताईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुम्हाला फोन केला की नाना स्पीकर लावून शेजारी बसतात, म्हणून.

रविवारी मी मुद्दाम आले होते, तुम्ही भडगावला होतात. नानांनी मला वही दाखवली, भरीत-भाकरी खाऊ घातली, तासभर भाषण दिलं, पण पायातला मोजा काही काढला नाही. खोलीत कुजका वास येत होता. मी तसं म्हणाले तर नाना म्हणाले की तो काढ्याचा आहे.

काकू, जखम दुखत नाही ही चांगली खूण नाही, सगळ्यात वाईट खूण आहे. साखरेने पायाच्या नसा मेल्या आहेत. बोट जाईल, मग पाऊल जाईल आणि नानांना कळणारही नाही. माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. आणि तुमची गाठ कशी आहे ते मला खरं खरं लिहा. नानांचं वर्णन मला नको.

तुमच्या मायेची नेहमीच भुकेली,
नूतन


मेहरूण
७ सप्टेंबर २०२४

चि. नूतनला,
काकूचा आशीर्वाद.

माझी शाळा सातवीपर्यंत. चूकभूल पोटात घाल. आज गणपती बसले, हे आरतीला गेले आहेत, तेवढ्यात लिहिते.

खरं खरं विचारलंस म्हणून सांगते. मी काढा एकही दिवस प्यायले नाही. यांची पाठ वळली की मोरीत ओतते. जुलैतच उषाने मला दवाखान्यात नेलं. गाठीचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. इथेच जळगावला सलाइन चालू आहे, दर पंधरा दिवसांनी. दोन झाल्या, तिसरी मंगळवारी. सलाइन झाली की चार दिवस मान वर होत नाही, म्हणून भडगावला बहिणीकडे जाते. तिथे ओकते, झोपते आणि बरी होऊन येते. डॉक्टर म्हणतात गाठ लवकर विरघळते आहे, बाई नशिबाची आहे. केस मात्र ओंजळीने गेले. यांच्यासमोर पदर घट्ट घेते. तसाही मी तो कधी खाली पडू दिला नाही, म्हणून यांना काही वेगळं वाटलं नाही.

आणि यांच्या वहीतल्या त्या एकवीस माणसांचंही सांगते. बठ्ठे टाकी देतस! कोणी तलावात ओततो, कोणी लिंबाच्या बुडाशी. गल्लीतल्या मंदाबाईंचे मालक थर्मासमध्ये घेऊन जातात आणि गटारीत ओततात. आपापल्या गोळ्या सगळे गुपचूप घेतात, मग साखर उतरणार नाही तर काय? पण मोठ्या माणसाने हातात दिलेलं नाकारायचं कसं? म्हणून ग्लास तोंडाला लावतात, वहीत सही करतात आणि नाना, काय गुण आला, म्हणतात. यांचा चेहरा असा फुलतो की मग कोणाच्याने बोलवत नाही. निवृत्त झाल्यापासून यांना कोणी काही विचारत नव्हतं गं. आता एकवीस माणसं विचारतात. मी ते कसं हिसकावून घेऊ?

पायाचं मात्र ध्यानात आलं नव्हतं. काल झोपेत मोजा काढून पाहिला. दोन बोटं काळी आहेत. माझा जीव थाऱ्यावर नाही. सांगितलं तर माणूस मनाने मोडेल, नाही सांगितलं तर पाय जाईल. तूच सांग काय करू.

देव तुझं भलं करो. माझ्यावरची माया पातळ करू नको.

कमलकाकू


धुळे
१० सप्टेंबर २०२४

ति. काकूंस,
सा. न. वि. वि.

उषाताईंना आत्ताच फोन केला आहे, पण हे तुम्ही स्वतः वाचावं म्हणून पत्रही टाकते.

काकू, तुम्ही एकट्याने हे सगळं सोसलंत आणि मी इथे उंदरांची वजनं घेत बसले, याची मला लाज वाटते. तुमच्या सलाइनमध्ये चार औषधं असतील, त्यातलं एक सदाफुलीतूनच येतं, असं उषाताईंनी वाचून दाखवलेल्या नावांवरून दिसतं. ते घेत राहा. तेच खरं.

नानांचा मान सांभाळायला बावीस माणसं धडपडली, पाय सांभाळायला एकही नाही. मी तेविसावी, कारण मीही सत्काराला सरळ नाही म्हणाले नव्हते. मान मोडला तर महिन्याभरात सांधेल, नाना मुळात हट्टी आहेत. पाय सांधणार नाही. कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण हा आठवडा ओलांडू नका.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
नूतन


जळगाव, दवाखाना
१४ ऑक्टोबर २०२४

चि. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बसून लिहितो आहे, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. तुला फोनवर सगळं कळलं आहेच, पण माझ्या हातून कळलेलं नाही. ते कळावं.

गेल्या महिन्यात, त्या शनिवारी, मी तलावावर ग्लास मांडत होतो. तुझी काकू आली. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, ती कधी तलावावर आली नव्हती. मला वाटलं घरची किल्ली राहिली. ती सरळ पुढे आली, एकवीस पुरुषांसमोर उभी राहिली आणि तिने डोक्यावरचा पदर काढला. डोक्यावर एक केस नव्हता. मग म्हणाली की तुमना काढा मी एक दिन बी पिधा नई, आणि यासनी बी पिधा नई, इचारा त्यासले. मी हिलालशेठकडे पाहिलं. ते तलावाकडे पाहत होते. मग एकेकाचं नाव घेऊन विचारलं, वर्गात विचारायचो तसं. एकवीस माना खाली गेल्या.

त्यानंतर काकूने खाली बसून सगळ्यांदेखत माझा मोजा काढला. दोन बोटं गेली, नूतन. डॉक्टर म्हणाले की अजून आठवडाभर काढला असता तर घोट्यापासून पाय गेला असता. साखर पाचशेच्या घरात होती. रोज कोणतं औषध घेत होतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पहिले काही दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडलो. एवढी माणसं आपल्याशी खोटं वागली, कोणी म्हणून आपल्यावर विश्वास ठेवला नाही, या रागाने अन्न गोड लागेना. मग एका संध्याकाळी सगळे भेटायला आले, हिलालशेठ पुढे. वॉर्डात उभं राहायला जागा नव्हती. त्यांच्याकडे बघता बघता मनात आलं की यातल्या चार जणांनी जरी माझ्यावर विश्वास ठेवला असता, तर आज ते माझ्या शेजारच्या खाटांवर असते. एकवीसच्या एकवीस माणसं स्वतःच्या पायांनी चालत आली होती. मला रडू आलं. त्यांना वाटलं जखम दुखते.

संपूर्ण मेहरूणमध्ये तो काढा मनापासून पिणारा एकच मूर्ख निघाला, आणि उकळणाराही तोच. उकळणाऱ्याने मनापासून प्यावा हे तत्त्व म्हणून बरोबरच आहे, एवढं मी अजूनही म्हणेन. आणि काकूच्या सलाइनमध्ये सदाफुली आहे म्हणतेस, म्हणजे झाड मी बरोबर ओळखलं होतं. हसू नकोस.

पण नूतन, एक गोष्ट मला झोपू देत नाही. तिला कॅन्सर झाला आणि ती मला सांगू शकली नाही. मला वाईट वाटेल म्हणून. भडगावहून ओकून आलेली बाई घरात शिरल्या शिरल्या माझ्यासाठी कळण्याची भाकरी थापायची, आणि मी तिच्यासमोर गाठ उतरल्याची बढाई मारायचो. जिथे बायकोला आपलं दुखणं चोरून न्यावं लागतं, त्या घरात मी कसला मोठा माणूस?

पाच सलाइन झाल्या. तीन तिने माझ्यापासून लपवून घेतल्या. पुढच्या दोन वेळा मी इथे पडून होतो. सहावी बावीस तारखेला आहे. तोवर मला सोडतील. मी काठी घेऊन तिच्याबरोबर जाणार आहे आणि औषध संपेपर्यंत तिच्याजवळ बसणार आहे. तिथे मी काही बोलणार नाही, असं तिने माझ्याकडून लिहून घेतलं आहे.

लोभ कर असं म्हणायला तोंड नाही. पण कर.

तुझा,
लोटन नाना