मानेचा दाखला

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
परदेशी कामगार कक्ष, नगर कार्यालय,
ऑस्टरवीन, हॉलंड.

अर्जदार: स्तामेन पेत्कोव गेर्गीनोव, मूळ राहणार विदिन जिल्हा, बल्गेरिया. हल्ली मुक्काम टोमॅटो हरितगृहाचे कामगार वसतिगृह, तळमजला, खिडकीशेजारचा पलंग.

विषय: मान वरखाली हलवणे हा या देशात होकार समजला जातो, असे सही-शिक्क्यानिशी लिहून मिळणेबाबत.

संदर्भ: १) पगारातील कपातीबाबत अर्जदाराने पूर्वी दिलेली तक्रार.
२) त्यावर आपल्या कार्यालयातील दुभाषी बाईंनी केलेला खुलासा (फक्त तोंडी).

महोदय,

१. सविनय निवेदन की, अर्जदार गेल्या शरदापासून येथे टोमॅटो खुडण्याच्या कामावर आहे. निघताना विदिनच्या एजंटाने खोली, बसभाडे आणि विमा एवढेच पगारातून कापले जाईल, असे सांगितले होते. एजंट बोलताना सारखा खिडकीबाहेर बघत होता, म्हणून अर्जदाराने तेव्हाच त्यातले अर्धे खोटे धरले होते. तरीही पहिले पगारपत्रक पाहून अर्जदार खाली बसला. त्यात सायकलीचे भाडे, दुपारचा डबा, जादा उशी, कपड्यांची धुलाई आणि टीव्ही असे सगळे लावलेले होते. अर्जदाराला सायकल चालवता येत नाही.

२. आपल्या नावावर दुसराच कोणी मजा मारतो आहे, अशी अर्जदाराची खात्री झाली. सायकलीच्या चाकावर खडूने खूण करून ठेवली, ती आठवडाभर जागची हलली नाही. म्हणजे चोर हुशार होता. संशय साहजिकच खोलीत राहणाऱ्या राद्कोवर गेला. राद्को आमच्याच देशाचा, प्लोव्दिवकडचा, इथे सहा वर्षे मुरलेला. त्याच्या पगारातून फुकटचा एक पैसा कापला जात नाही आणि तो पडल्या पडल्या घोरतो. प्रामाणिक माणसाला परदेशात इतकी गाढ झोप लागत नाही. अर्जदाराने घरून आणलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या बरणीवर पेनाने रेघ मारून ठेवली. राद्कोने ती पाहिली आणि म्हणाला, "काका, हवं तर बरणी उशाशी घेऊन झोप. नाहीतरी दोन उशा आहेत तुझ्याकडे." या बोलण्यामुळे संशय बळावला.

३. वसतिगृहाचे व्यवस्थापक श्री. रूलोफ दर शुक्रवारी जेवणाच्या वेळी येतात. ते आपल्या फोनमध्ये काही बोलतात आणि फोनमधली बाई आमच्या भाषेत विचारते, पुढच्या आठवड्यात डबा हवा का, सायकल हवी का. प्रश्न नीट कळतो. परंतु फोनपुढे तोंड उघडणे अर्जदारास मान्य नाही. आवाज त्या डबीत साठतो आणि पुढे कुठे काय वाजवतील याचा नेम नसतो. म्हणून अर्जदार न बोलता, स्पष्ट, सभ्य माणसासारखा नकार देत आला आहे, म्हणजे हनुवटी वर उचलून मान वरखाली करत आला आहे. डब्याच्या प्रश्नाला तर सोबत 'च्च' असा आवाजही केला. नाही म्हणताना मान वरखाली होते आणि हो म्हणताना ती आडवी डोलते, हे पाळण्यातल्या पोरालाही कळते. श्री. रूलोफ मात्र प्रत्येक नकाराला हसून यादीत खूण करत आणि डबा चालू राही. नकार जितका जोरात द्यावा तितके ते खूश होत.

४. इथवर प्रश्न पैशाचा होता आणि तो अर्जदाराने दातओठ खाऊन सोसला. परंतु वरच्या मजल्यावर नवरा-बायकोसाठी एक खोली आहे, तिला स्वतःची शेगडी आहे. तिच्यासाठी अर्जदाराने आल्या आल्या नाव घातले होते. अर्जदाराची पत्नी नेदेल्का हिला टोमॅटो भरण्याच्या कामावर घ्यायचे कबूल झाले आहे. दोघांनी दोन पलंगांचे भाडे वेगवेगळे भरायचे आणि विकतचे खायचे, तर इथे येण्यात अर्थच नाही. तेवढ्या एका खोलीवर आमचे एकत्र राहणे अडलेले आहे. फेब्रुवारीत फोनमधल्या बाईने विचारले, "जोडप्याची खोली अजून हवी आहे का?" अर्जदाराला इतका आनंद झाला की त्याने मान डावीउजवीकडे किती वेळ डोलवली ते आठवत नाही. श्री. रूलोफ यांनी हळहळून खांदा थोपटला आणि खोलीवरचे अर्जदाराचे नाव काढून टाकले.

५. त्यावर अर्जदाराने आपल्या कार्यालयात तक्रार दिली. दुभाषी बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि खुलासा केला की, या देशात मान उलटी चालते. सांगताना त्या हसल्या. हसण्यासारखे त्यात काय होते, हे अर्जदारास कळवण्यात आलेले नाही. अर्जदाराने परतीच्या बसमध्ये लोकांच्या मानांवर नजर ठेवली आणि खुलासा खरा निघाला. राद्कोला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं, तुला माहीत आहे. मला वाटलं, तुला सायकल शिकायची असेल." हे उत्तर अर्जदाराने स्वीकारले आहे, पण पूर्णपणे नाही.

६. श्री. रूलोफ यांच्याविषयी मात्र लिहिले पाहिजे की, त्यांनी सर्व कपाती रद्द केल्या आणि पत्नी एक एप्रिलपर्यंत हजर झाली तर खोली देण्याचे कबूल केले. यात त्यांचा काय फायदा असावा, हे अर्जदार अजून शोधत आहे. पुन्हा घोटाळा नको म्हणून अर्जदाराने मान वळणावर आणायचे ठरवले. राद्को समोर बसून प्रश्न विचारी, "काका, तू माणूस आहेस का?" आणि अर्जदार मान वरखाली करून हो म्हणे. सुरुवातीला मान आडवीच जाई. हळूहळू ती सुधारली. अर्जदाराला याचा अभिमान वाटत होता, हेही नमूद करतो.

७. गेल्या रविवारी नेदेल्काचा फोन आला, चित्र दिसणारा. तिने नवा कोट घातला होता, त्यावर आमच्याकडे मार्चमध्ये शुभ म्हणून लावतात तो लाल-पांढरा दोरा टाचला होता. मागे पलंगावर पिशवी बांधून ठेवलेली दिसत होती. वसतिगृहाचे इंटरनेट कसे आहे ते आपणांस माहीत असेल. आवाज गेला, चित्र राहिले. तिचे ओठ मला स्पष्ट वाचता आले. तिने विचारले, "येऊ का?"

८. महोदय, मी मान वरखाली हलवली. हसत हसत हलवली. तिने पुन्हा विचारले, तेव्हा आणखी जोरात हलवली. तिने कोटावरचा दोरा काढून हातात घेतला आणि चित्रही गेले.

९. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. मी संदेश पाठवून सगळे समजावले. तिची बहीण वेस्का हिच्या फोनवरून उत्तर आले, ते जसेच्या तसे देतो: "ती म्हणते, तीस वर्षं मान सरळ होती आणि आता बायकोला बोलवायची वेळ आली तेव्हाच कशी उलटी झाली? कोण आहे तिथे, ते एकदा सांगून टाक. आणि तूच सांगत आलास ना, शिक्का बघितल्याशिवाय सख्ख्या भावाचंही खरं मानू नकोस. मग शिक्का दाखव." इकडे येण्याचे तिकीट तिने अजून परत केलेले नाही, असे वेस्काने स्वतःहून खाली लिहिले आहे.

१०. तरी विनंती की, मागील तक्रार मागे घेतली असे समजावे. सायकल, उशी, डबा यांबाबत अर्जदाराचे आता काहीही म्हणणे नाही; हवे तर पुन्हा लावावेत. फक्त वर लिहिल्याप्रमाणे मानेचा दाखला बल्गेरियन भाषेत, गोल शिक्क्यासह द्यावा. नेदेल्का गावच्या पोस्टात होती, चौकोनी शिक्का ती मानत नाही. या वसतिगृहात अर्जदाराच्या नादी लागलेली बाई नाही, असेही त्यात घालता आले तर फार उपकार होतील. तपासासाठी माणूस पाठवावा, मी दार उघडे ठेवतो. नकार द्यायचा असल्यास तोही कृपया कागदावर द्यावा, मानेने देऊ नये. आता कोणाचीही मान हलली की मी लेखी मागतो, माझी स्वतःची धरून.

बाकी कोणावर नाही, तेवढा आपल्यावर भरवसा ठेवणारा,

(सही)
स्तामेन पेत्कोव गेर्गीनोव
ऑस्टरवीन, दि. १६ मार्च २०२२

सोबत:
१) पगारपत्रकाची प्रत.
२) अर्जदाराच्या मानेची छायाचित्रे, इकडची आणि तिकडची, बाण काढून.
३) तिकीट लावलेले, नेदेल्काचा पत्ता घातलेले पाकीट. दाखला त्यात घालून परस्पर टपालात टाकावा. पत्ता राद्कोकडून लिहून घेतला आहे, कारण माझे अक्षर दिसले तर ती ते फोडणार नाही.