गल्लीतली त्सुनामी पाहणी

२ डिसेंबर, सोमवार
कोल्हापुरात त्सुनामी कुठून येणार? शेजारच्या बायडाबाईंनी विचारलं. पण मुद्दा तो नाहीच. कोकण किनाऱ्यावरच्या इमारती तपासायला जानेवारीत जायचंय. प्रोजेक्टचे सर म्हणाले, पाहणीचा फॉर्म आधी कुठेतरी वापरून बघ. 'कुठेतरी'मध्ये आमची गल्ली येते. घरातली पहिली इंजिनिअर मी. सुरुवात इथूनच.

४ डिसेंबर
बारा घरं झाली. नियम साधा: तळमजला मोकळा असेल तर लाट आरपार जाते, इमारत टिकते. पहिला नंबर बायडाबाईंच्या गोठ्याचा. चार खांब, वर पत्रा. अभिनंदन केलं. म्हणाल्या, "म्हशी तशाबी पोहत्यात की!"
शेवटचा नंबर आमचा. चारी बाजूंनी पक्क्या विटा. निकालाचा कागद प्रत्येक दारावर चिकटवला. आमच्या दारावर 'अतिधोकादायक'. आप्पा म्हणाले, काढ. नाही काढला. शास्त्र घरचं-बाहेरचं बघत नाही.

८ डिसेंबर, रविवार
धाकट्या बहिणीला, मोनाला बघायला जयसिंगपूरचे पाहुणे आले. दारातच थबकले. पडायला आलेल्या इमारतीवर महापालिका असाच कागद लावते, म्हणे. मुलाच्या आई बनाबाई आप्पांना म्हणाल्या, "पावणं, घर पडाय आलंय आन् आमास्नी आत बोलावताय व्हय?" मी चाळीस मिनिटं समजावलं. लॅपटॉपवर लाटही दाखवली. चहा न घेता गेले. प्रभावित झाले असावेत.
मोना माझ्याशी बोलत नाही. घसा बसला असेल.

१० डिसेंबर
निरोप आला. पोरगी पसंत हाय, पण धोकादायक घराशी सोयरीक न्हाय. शनिवारी शेवटचं बघून जाऊ. आप्पा कागद फाडायला उठले. मी आडवी उभी राहिले. निकाल खोटा करायचा नाही. घर सुधारायचं. आप्पा म्हणाले, "तुला शिकवली हीच चूक झाली." आप्पांचा स्वभाव विनोदी आहे.

१४ डिसेंबर, शनिवार, दुपारी ३.४०
पाहुणे चारला येतील. आई-आप्पा मामांना आणायला सकाळीच कागलला गेले. ते वळताच गवंडी आकारामकाकांना बोलावलं. दोनदा विचारलं त्यांनी, "ताई, आप्पास्नी ठावं हाय न्हवं?" म्हटलं, सरप्राइज आहे. घर खांबांवर उभं आहे, तपासलंय. तळमजल्याची पुढची भिंत पाडून घेतली. मागचीही. मोना रडते आहे. लग्न ठरायचं म्हटल्यावर मुली रडतातच.
फॉर्म पुन्हा भरला. 'सुरक्षित'! नवा कागद तयार आहे. चिकटवायला दार राहिलं नाही. म्हणून हातात धरून उंबऱ्यावर उभी आहे.