पहिली 'ब'ची पीटी

२ डिसेंबर, मंगळवार
मैथिली मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. मुख्याध्यापिका इनामदार बाईंनी बोलावून सांगितलं, सयाजी सर, पहिली 'ब'ची पीटी आता तुमच्याकडं, मंगळवार आणि गुरुवार. एकोणीस वर्षं आठवी-नववीला घाम गाळायला लावणारा माणूस मी. सहा वर्षांची अडतीस पोरं म्हणजे रेस्टच. घरी स्वप्नालीला तसं बोललो. ती म्हणाली, जरा जपून, लहान आहेत. हसलो.
संकल्प: तीन आठवड्यांत कवायत बसवणे. २४ तारखेच्या क्रीडा दिनाला पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या पाहिजेत.

४ डिसेंबर, गुरुवार
तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली बावीस मिनिटं बुटांच्या लेस बांधण्यात गेली. मग एकाचा दात पडला. तो शोधायला सगळा वर्ग मातीत. दात सापडला, कवायत राहिली. दोष माझा नाही. मैथिली मॅडमनी बेसिकच पक्कं केलेलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार
पोरांना उजवा-डावा कळत नाही. उपाय: प्रत्येकाच्या उजव्या हाताला लाल रिबीन. आयडिया पूर्णपणे माझी. तरी 'दाहिने मूड' म्हटलं की निम्मी इकडं, निम्मी तिकडं.
संध्याकाळी लक्षात आलं. समोर उभं राहून बांधल्यामुळं निम्म्यांना मीच डाव्या हाताला बांधली होती. हे कुणाला सांगायची गरज नाही.

११ डिसेंबर, गुरुवार
कवायत तूर्त मागे. रद्द नव्हे. आज धावणं, पन्नास मीटर.
आदर्श चांगला पळतो, पण मध्येच आपटला. त्याच्या पुढं क्रांती होती. चणीनं वर्गात सगळ्यात लहान. ती वळून मागं आली, त्याला उठवलं, गुडघ्यावर फुंकर घातली. मग दोघं हात धरून शेवटी आली. मी म्हणालो, शर्यतीत मागं बघायचं नसतं. ती म्हणाली, "त्यो रडत हुता की!" उलट उत्तर. आवाज चढवला. तर तीही रडायला लागली. मी म्हणालो, रडूबाई, बाजूला उभी राहा. सगळा वर्ग हसला. वातावरण एकदम हलकं झालं. शिक्षकाला विनोदबुद्धी हवीच.

१६ डिसेंबर, मंगळवार
क्रांती गैरहजर. वर्गशिक्षिका म्हणाल्या, पोट दुखतंय. वर पोरं तिला 'रडूबाई' म्हणून चिडवतात, असंही म्हणाल्या. मी म्हणालो, थंडीत पोटं बिघडतातच.

१८ डिसेंबर, गुरुवार
परत गैरहजर. काल, बुधवारी, पोट बरं होतं म्हणे. मंगळवारी आणि गुरुवारी नेमका माझा तास असतो. योगायोग.
दुपारी इनामदार बाईंचं बोलावणं. ते नाव कुणी पाडलं, विचारलं. मी म्हणालो, पोरांनीच. बाई म्हणाल्या, कोणत्या पोरानं? पहिलं जे नाव सुचलं ते तोंडातून गेलं. आदर्श.
आदर्शला बोलावलं. तो माझ्याकडं बघत राहिला. आता हा सांगणार, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पण बाई म्हणाल्या, माफी मागशील ना? तर त्यानं मान खाली घातली आणि सॉरी म्हणाला. मोठी माणसं म्हणतात म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असा चेहरा.
रात्री जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२० डिसेंबर, शनिवार
कागल रोडला क्रांतीच्या घरी गेलो. हेतू: पालकांचं समुपदेशन. वडील गुंडूराव, तीन म्हशी, दुधाचा रतीब. "या की सर, बसा. पोरगी घरात सारखी सर-सर करतीया," म्हणाले. पेला भरून दूध दिलं. बरं वाटलं. म्हणाले, मागं गोठ्यात तुमचाच खेळ चाललाय, बघा.
गोठ्यापुढं दुधाच्या रिकाम्या किटल्या ओळीनं मांडलेल्या. क्रांती कमरेवर हात ठेवून उभी. "सावधान! हालायचं न्हाय!" मग तिनं सगळ्यात छोटी किटली उचलून लांब भिंतीपाशी ठेवली. "रडूबाई, तू तिकडं."
आवाज माझा. अगदी माझाच. गुंडूराव कौतुकानं हसत होते. तिनं मला बघितलं आणि म्हशीच्या आड गेली.
दूध संपवता आलं नाही. समुपदेशन केलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार
इनामदार बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला अकरा तारखेलाच कळलं होतं. चिमणाबाई मावशी व्हरांडा झाडत होत्या, त्यांनी ऐकलं होतं.
मला राग आला. मग आदर्शला कशाला बोलावलंत, विचारलं. म्हणाल्या, त्याच्यासमोर तरी तुम्ही खरं बोलाल असं वाटलं होतं. ते माझंही चुकलं. त्याची माफी मी शुक्रवारीच मागितली.
म्हणजे एवढंसुद्धा माझ्याआधी दुसऱ्यानं केलं.

२३ डिसेंबर, मंगळवार
क्रांती आली. बाईंनी फोन केला होता. वर्गासमोर उभा राहिलो. पाच मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. 'माझं चुकलं' याच्या पुढचं एक वाक्य आठवलं नाही. आदर्श म्हणाला, "सर, मोठ्यानं. ऐकू येईना." परत म्हणालो, मोठ्यानं. आदर्शनं ते नाव पाडलं नव्हतं, मी पाडलं होतं, हेही सांगितलं.
मग क्रांतीजवळ खाली बसलो. म्हणालो, आजपासून ते नाव कुणीही घेणार नाही. तिनं विचारलं, "तुमी बी?"
मी बी, म्हणालो.
ती म्हणाली, "बघू."