हेस्टरमावशीचे ‘फ्यू’ दिवस

तीर्थस्वरूप हेस्टरमावशी,

क्लेमचा टोपी काढून नमस्कार. तुझे गुडघे, तुझं मांजर आणि तुझी चूल, तिघंही फार कुरकुरत नसतील अशी आशा आहे.

पत्राला उशीर झाला. खरं म्हणजे झाला नाही, मीच केला. आधी शाई नव्हती. मग शाई आली तर बोटं गारठली. बोटं शेकायला चुलीशी बसलो तर इथल्या मालकीणबाई, टायसनकाकूंनी केक पुढे केला, आणि केक खाताना कोण पत्र लिहितं! पण काल तुझ्या शेजारच्या पायबसबाईंचं कार्ड आलं. (त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून फिरल्यासारखं.) त्यातली एकच ओळ धड लागली: ‘हेस्टर हल्ली जराशी गप्प असते.’ हा ‘जराशी’ मी थंडीच्या सुरुवातीला वाचला असता तर शीळ घालत पुढच्या कामाला लागलो असतो. काल वाचला आणि केक बाजूला सारून कागद ओढला. का, ते सांगायचं तर मेंढ्यांपासून सुरुवात करावी लागेल.

तुझ्याकडून, व्हिटबीहून निघालो तो आधी एका जत्रेत पाळण्याची तिकिटं फाडायला राहिलो (पाळणेवाल्याशी का बिनसलं ते पुन्हा कधी, त्यात एक बदक आहे), आणि मग चालत चालत इथे वेस्टमोरलंडच्या डोंगरात टायसनकाकांकडे गडी म्हणून लागलो. पहिल्याच सकाळी काका म्हणाले, “वर फ्यू मेंढ्या आहेत, तेवढ्या खाली आण. जरासं धुकं आहे.” आता आमच्या बाबांनी मला लहानपणीच पक्कं करून दिलेलं: कपल म्हणजे दोन, फ्यू म्हणजे तीन, आणि सेव्हरल ही ज्यांना मोजायचा कंटाळा आहे त्यांची सोय. तेव्हा मी वर गेलो. ‘जरासं’ धुकं एवढं की माझाच हात समोर आला तर मी त्याला गुड मॉर्निंग म्हणालो. दुपारपर्यंत तीन मेंढ्या हाकत आणल्या आणि छाती काढून उभा राहिलो. काकांचा कुत्रा सबंध वाटभर माझ्याकडे कीव येऊन बघत होता, ते तेव्हा कळलं नाही.

काकांनी तीन मेंढ्यांकडे बघितलं, मग डोंगराकडे. तोवर धुकं उठलं होतं आणि सगळा डोंगर पांढराफेक दिसत होता. तो बर्फ नव्हता.

“बाकीच्या?” काका म्हणाले.

“तुम्ही फ्यू म्हणालात ना!”

“मग? फ्यूच आहेत. माझ्या बापाकडे पुष्कळ होत्या.” मग वाकून म्हणाले, “आणि यातली एक शेजाऱ्याची आहे.”

मावशी, या डोंगरातल्या लोकांना मोठा शब्द तोंडातून काढणं म्हणजे चर्चमध्ये सदरा काढण्यासारखं वाटतं. परवा आमच्या एडक्यानं काकांना धडक दिली. ते उठले, म्हणाले, “जरासं लागलं,” आणि चहापर्यंत गवताचे भारे वाहत राहिले. चहाच्या वेळी बूट निघेना. डॉक्टरांनी तो कापून काढला, तेव्हा आतल्या हाडाचे दोन तुकडे झालेले. डॉक्टर तडकले. काकूंनी मात्र शांतपणे बशी पुसली आणि मला म्हणाल्या, “या माणसानं मला मागणी घातली ना, तेव्हा म्हणाला होता, तू मला जराशी आवडतेस.”

“आणि तुम्ही हो म्हणालात?”

“शब्द कोण ऐकतं रे वेड्या! मी बूट बघितले. गुडघ्यापर्यंत चिखल होता. डोंगर ओलांडून, पावसातून आला होता.”

त्यावर मी हसलो, आणि हसता हसता मला एकदम तुझी लोकर आठवली.

तू म्हणाली होतीस, “आलायस तर फ्यू दिवस राहा.” मी शब्द ऐकला. लोकर बघितली नाही. पहिल्याच संध्याकाळी तू मला दिव्याखाली उभं करून खांद्याचं माप घेतलंस आणि निळा स्वेटर विणायला घेतलास. मी निघेपर्यंत पाठसुद्धा पुरी झाली नव्हती. तीन दिवसांच्या पाहुण्यासाठी कोण स्वेटर विणायला घेतं? माझ्या टोपीसाठी दाराशी नवी खुंटीही ठोकली होतीस. आणि मी चौथ्या दिवशी सकाळी पिशवी खांद्याला लावून, वर शहाणपणानं म्हणालो, “मावशी, मासा आणि पाहुणा, चौथ्या दिवशी दोघांनाही वास येतो.” तेही व्हिटबीत, जिथे गावालाच माशांचा वास! तू “इतक्यात?” एवढंच म्हणालीस, हसलीस, हातात वाटेसाठी खाऊचा पुडा कोंबलास आणि किटली ओरडतेय म्हणून आत गेलीस. किटली ओरडत नव्हती, मावशी. ओरडली असती तर मला फाटकापर्यंत ऐकू आली असती. मी मात्र, आपण किती मर्यादेनं वागलो, म्हणून वाटभर खूश.

वाईट वाटतंय. किती, त्याला माझ्याकडे शब्द नाही. इथले शब्द तर फारच आखूड आहेत.

तुझा, (टायसनकाकांच्या मापानं) जरासा चुकलेला
क्लेम

ता. क. ती लोकर उसवली नसशील तर उसवू नकोस. काकांचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि मेंढ्या विणीला आल्यात, म्हणून आत्ता हलता येत नाही. पण कोकरं पायावर उभी राहिली की मी फ्यू दिवस येऊ का? तुझ्या मापाचे फ्यू. माझ्या बाबांच्या नव्हे.

आणखी ता. क. टायसनकाकूंनी मागच्या आठवड्यात तुझा पत्ता मागून घेतला. “फ्यू ओळी लिहायच्यात,” म्हणाल्या. पाकीट पावाएवढं जाड होतं. काय लिहिलंय ते सांगत नाहीत.

शेवटचं ता. क. पाकिटाला तिकीट लावत होतो, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. आधी मांजराची टोपली उतरली. मग ट्रंक. मग दुसरी ट्रंक. मग तू, काखेत एका बाहीचा निळा स्वेटर घेऊन. काकूंना सांगतेयस ते इथवर ऐकू येतंय: “दुसऱ्या हाताचं माप तेवढं घ्यायचंय हो, फार थांबणार नाही.”

मी ऐकत नाहीये, मावशी. मी ट्रंका बघतोय.