लाल खोळीची सवय

आदरणीय आणि लाडक्या गेन्या आत्या,

तुझ्या दोन्ही हातांचे मुके. तुझे गुडघे कसे आहेत, अंगणातल्या झाडावरचे अक्रोड यंदाही कावळेच पळवतात का, आणि रविवारी मैदानात इंजिनं सुरू झाली की तुझ्या कपाटातली काचेची भांडी अजून किणकिणतात का, एवढं विचारायलाच लिहितोय. दुसरं काही काम नाही. (कामाशिवाय मी पत्र लिहीत नाही, असं तू आईला म्हणालीस, ते तिनं मला लगेच कळवलं.) माझी तब्येत उत्तम आहे. खांद्याचं हाड पुन्हा जुळलंय, आणि माझ्या अंगात आता इतकं लोखंड आहे की विमानतळावरचे पहारेकरी मला नावानं हाक मारतात.

आमच्या खेळाबद्दल तुझं मत मला ठाऊक आहे. चार माणसं, ब्रेक नसलेल्या चार मोटरसायकली, मातीवर चार फेऱ्या आणि दर वळणाला डावीकडे. एवढं तर गिरणीचा घोडाही करतो, असं तू माझ्या पहिल्या बक्षिसाच्या दिवशी म्हणाली होतीस. मी त्या घोड्याचं काम अठरा वर्षं आपल्या गावासाठी, ओल्शोवासाठी केलं. मागच्या वर्षी क्लबनं फुलं दिली, माझ्या नावाची पितळी पाटी दिली आणि आता तरुणांना संधी द्यायची आहे असं सांगितलं. बाबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या हिशेबानं मी आता गळ घेऊन तळ्यावर बसायला हवं होतं. मी बसलो नाही, तुमच्या दोंब्रोवोकडून उतरलो. बाबांच्या दृष्टीनं, आत्या, मी तुरुंगात गेलो असतो तरी चाललं असतं, कारण तिथून माणूस निदान परत तरी येतो.

तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण आईमार्फत. रविवारी कोंबडीच्या सुपाला मी घरी गेलो की ते बशीकडे बघत म्हणतात, "हेलेना, दोंब्रोवोच्या पाहुण्यांना मीठ दे." मीठ माझ्याच हाताशी असतं. आई ते उचलते आणि परत तिथंच ठेवते. मी हे हसत सांगतोय, पण मला त्याचं फार वाईट वाटतं. हाडं मोडली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

त्यात मे महिन्यात ओल्शोवातच सामना आला. मी पहिल्यांदाच पाहुणा म्हणून आपल्याच गावी. आता हेल्मेटवर चढवायच्या खोळींचं तुला माहीत आहे: यजमानांच्या लाल आणि निळ्या, पाहुण्यांच्या पांढऱ्या आणि पिवळ्या. मला पिवळी घालायची होती. पंचांनी सुरुवातीच्या रेषेवर यायचं दोन मिनिटांचं घड्याळ लावलं, माझा मेकॅनिक लुत्सियान सॉसेजला मोहरी लावत होता (ह्या माणसाला भूक नेमकी घड्याळ लागल्यावर लागते), आणि मी पिशवीत हात घालून हाताला आली ती खोळ चढवली. अठरा वर्षं त्या मैदानात त्या कप्प्यातून जी निघायची, तीच निघाली. सुरुवातीच्या रेषेवर ताणलेल्या फितीपाशी जाऊन उभा राहिलो, तर शेजारचा ओल्शोवाचा पोरगा माझ्याकडे बघतोय. त्याचीही लाल, माझीही लाल.

तेवढ्यात दुसऱ्या वळणावरून तुतारी वाजली. चढत जाणारे तीन सूर. ते सूर बाबा फक्त माझ्यासाठी वाजवायचे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. चष्मा त्यांच्या खिशात होता (तो कायम खिशातच असतो). त्यांना लाल डोकं दिसलं, पडलेला डावा खांदा दिसला, आणि हात आपोआप तोंडाशी गेला. सगळं गाव हसलं. पंचांनी मला बाद केलं, पण बाद झालेल्याच्या रंगाचा दिवा लावायचा असतो, आणि माझा रंग कुठला हेच त्यांना बराच वेळ ठरवता येईना. आम्ही सामना हरलो. दोंब्रोवोचे लोक म्हणाले, हा आतून विकला गेलाय. ओल्शोवाचे म्हणाले, मन अजून इथंच आहे. लुत्सियाननं सॉसेज संपवलं.

बाबा त्या दिवशी सामना अर्धा टाकून घरी गेले आणि तुतारी तळघरात काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवून दिली. आई काही म्हणायच्या आतच त्यांनी तिला सांगितलं, "मी त्याच्यासाठी वाजवली नाही. लाल रंगासाठी वाजवली. लाल दिसलं की मी वाजवतो, मग खाली कोण का असेना." त्यानंतर ते ह्या विषयावर आईमार्फतही बोललेले नाहीत.

असो. बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना ऊब देत जा.

तुझा, डावीकडेच वळणारा भाचा,
सेवेक

ता. क. येत्या रविवारी बाबांना आलुबुखाराचे डंपलिंग खायला बोलाव. मोठ्या बहिणीचा शब्द ते मोडत नाहीत. दोंब्रोवोच्या मैदानात पाऊल ठेवणार नाही, अशी त्यांची शपथ आहे. तुझ्या गॅलरीत पाऊल ठेवणार नाही, अशी नाही. तिथून दुसरं वळण दिसतं.

ता. क. २. रविवारी तुमच्याकडे ओल्शोवाच येतंय. त्यानंतर मी थांबतोय. डॉक्टर म्हणाले, आता खांद्यात स्क्रू धरायला हाड उरलेलं नाही. हे आईला माहीत नाही. बाबांनाही आधी सांगू नकोस. दयेपोटी आलेले मला नकोत.

ता. क. ३. अक्रोडावरच्या कावळ्यांचा फार त्रास होतोय, तेव्हा तुतारी घेऊनच ये, असं त्यांना निक्षून सांग. आणि चष्मा खिशातच राहू दे. रविवारी यजमान आम्ही आहोत, आत्या. माझी खोळ लाल आहे.