लेह, अगत्ती आणि तू न बांधलेली शिदोरी

आई, माझी नात, म्हणजे तुझी पणती, फोन माझ्यासमोर ठेवून आत सामान भरायला गेली आहे. "आजी, तू नुसतं बोल, तो लिहून घेतो," म्हणाली. अक्षर न शिकता जन्म काढला, त्याचं चीज झालं म्हणायचं. लिहायला गडी मिळाला.

ती समुद्रातल्या अगत्ती नावाच्या बेटावर डॉक्टर आहे. सुट्टी संपवून आज परत निघाली. ज्याच्याशी लग्न करायचं म्हणते तो पार वर लेहला, हवामानाच्या कचेरीत. बदली दोघांचीही इतक्यात नाही. खराडीतल्या या घरात सगळे "आजी म्हणेल तसं" म्हणून मोकळे झाले. मी विचारलं, "अंतर किती गं?" तिने फोन बघितला. "सरळ उडालं तर साडेतीन तास."

"मग उडा की!"

"सरळ विमान नाही, आजी. आधी दिल्ली, मग कोची, तिथे मुक्काम, मग छोटं विमान. हवा बिघडली तर बसून राहायचं."

म्हणजे साडेतीन तास घारीला. माणसाला दोन दिवस.

माझ्या लग्नात तूही एवढंच विचारलं होतंस, सकाळी निघालेली पोर दिवेलागणीला परत येईल ना? वाघोलीहून लोणी काळभोर, येईल म्हणाले. तू खूश. पाठवणीला मावशी भाकरी बांधायला बसली तर तिच्यावरच ओरडलीस, "शिदोरी लांबच्या वाटेला बांधत्यात. माझी लेक जवळच हाय."

त्या जवळच्या वाटेचं पुढे काय झालं ते तू पाहिलंस. जाते म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "माहेर कुठे पळून चाललंय? जवळच तर आहे, जाशील की." काढणी झाली की, गाय व्याली की, जाऊ बाळंतपणातून उठली की. तू आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हाही माहेर जवळच होतं. मी पोचते तर अंगणात बायका बसलेल्या, आणि तुझी चूल थंड.

म्हणून काल त्या मुलाला फोनवर समोर बसवलं. "हिला आमच्याकडे यावंसं वाटलं तर काय करशील?"

"तिकीट काढेन, आजी."

"आणि तुझी आई नको म्हणाली तर?"

"आईची समजूत घालेन. पण तिकीट आधी काढेन."

बरा आहे. नाक जरा मोठं आहे. थंडीत उपयोगी पडेल. मी हो म्हटलं.

आता दशम्या बांधल्यात, चटणीची पुडी वेगळी. "आजी, वाटेत मिळतं गं खायला!" आतून ओरडते आहे. ओरडू दे. लांब आहे तर लांब म्हणावं; जवळ म्हटलं की कुणी सोडत नाही.

खाली एक बाण आहे, तो दाबला की पत्र जातं म्हणे. मी दाबणार नाही. तुझा पत्ता काय सांगू? एवढंच सांगायचं राहिलं होतं. पाठवणीच्या दिवशी बैलगाडी नदीपाशी पोचायच्या आधीच मला भूक लागली होती, आई. तुला कधी सांगितलं नाही.